क्रूझवरून स्वस्त व्हॅनिला आणावा का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हिंगणघाटजवळच्या गावात तुम्ही घरूनच केकच्या ऑर्डरी घेता. टेक्सासमधली बहीण दिवाळीनंतर तुम्हाला आणि आईला गॅल्व्हेस्टनहून निघणाऱ्या सात दिवसांच्या क्रूझवर नेणार आहे. वाटेत मेक्सिकोतली कोझुमेल आणि कोस्टा माया ही बंदरं आहेत. तिथे व्हॅनिलाची लिटरभर बाटली आठ-दहा डॉलरला मिळते, असं बहिणीच्या मैत्रिणी सांगतात. इकडे अस्सल व्हॅनिलाची बोटभर बाटलीही परवडत नाही, तर चार-पाच लिटर आणून वर्षाची बेगमी करून टाकावी का, असं तुम्ही विचारलं आहे. आणि जाता जाता लिहिलं आहे की आईच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू आहे, तर जहाजावर जेवणाचं जमेल ना.

मी अकरा वर्षं जहाजांवरच्या बेकरीत काम केलं. आता आपल्याच वर्धा जिल्ह्यात माझी छोटी बेकरी आहे. त्यामुळे बंदरावरची ती बाटलीही मला माहीत आहे आणि आपल्या गिऱ्हाइकाची जीभही.

ती लिटरची बाटली घेऊ नका. एकही नको. घ्यायच्याच तर व्हॅनिलाच्या वेलीच्या शेंगा घ्या, ज्यांचा अर्क त्या बाटलीत असायला हवा, आणि त्याही मोजक्या.

कारण आधी हिशोबात बघा. अमेरिकेत एखाद्या बाटलीवर व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे व्हॅनिलाचा अर्क, असं लिहायचं असेल तर कायद्याने एका गॅलनला १३.३५ औंस शेंगा आणि किमान ३५ टक्के अल्कोहोल लागतं. आपल्या मापात लिटरला साधारण १०० ग्रॅम शेंगा. चांगली तयार शेंग तीन-चार ग्रॅमची असते, म्हणजे एका लिटरमागे पंचवीस-तीस शेंगा झाल्या. २०१७ साली जगाला व्हॅनिला पुरवणाऱ्या मादागास्कर बेटाला चक्रीवादळाचा तडाखा बसला आणि त्यानंतर २०१८ च्या सुमारास शेंगांचा घाऊक भाव किलोला ६०० डॉलरपर्यंत गेला होता, चांदीच्याही वर. त्या भावाने लिटरभर अर्कात ६० डॉलरच्या नुसत्या शेंगाच झाल्या. पुढे भाव बराच उतरला. समजा तो १०० डॉलर किलोवर आला असं धरलं, तरी शेंगांचेच १० डॉलर होतात. त्यावर अल्कोहोल, बाटली, महिनोन्‌महिने मुरवत ठेवण्याचा खर्च, दलाल आणि बंदरावरच्या दुकानाचं भाडं. आता सांगा, आठ डॉलरला विकणाऱ्याने त्यात काय घातलं असेल?

बहुतेक वेळा व्हॅनिलिन असतं. शेंगेतला मुख्य सुवास ज्या पदार्थाचा, तोच हा पदार्थ, फक्त कारखान्यात केलेला. जर्मनीत १८७४ मध्ये तो पहिल्यांदा कृत्रिमरीत्या तयार झाला. आज तो मुख्यतः पेट्रोलियमपासून निघणाऱ्या ग्वायाकोलपासून करतात, आणि काही प्रमाणात लाकडातल्या लिग्निनपासून, जो कागदाचा लगदा करताना उरतो. जगात वापरल्या जाणाऱ्या व्हॅनिलिनपैकी एक टक्कासुद्धा शेंगांमधून येत नाही. याला मी विष म्हणणार नाही. आपण नागपूरच्या इतवारीतून आणतो त्या इसेन्समध्ये हेच असतं, आणि ठरलेल्या प्रमाणात खायला ते चालतं. पण मग त्यासाठी मेक्सिकोहून सामानातून लिटर-लिटर ओझं कशाला वाहायचं? इथे बसल्या जागी तेच कमी पैशात मिळतं, वर लेबलवर कृत्रिम स्वाद असल्याचं छापलेलं असतं.

मला खरी काळजी दुसऱ्या पदार्थाची आहे, कुमारिनची. दक्षिण अमेरिकेत टोंका नावाचं झाड वाढतं. त्याच्या बियांचा वास व्हॅनिलाशी बराच जुळतो, आणि त्या व्हॅनिलाच्या शेंगांपेक्षा कितीतरी स्वस्त. मेक्सिकोत विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त व्हॅनिलात या बियांचा अर्क मिसळलेला सापडला आहे. त्यातलं कुमारिन यकृताला त्रासदायक ठरू शकतं, म्हणून अमेरिकेत १९५४ पासून ते खाण्यात घालायला बंदी आहे. रक्त पातळ ठेवायला देतात त्या वॉरफेरिनचं ते रासायनिक नात्यातलं. अशा गोळ्या घेणाऱ्यांना त्याने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेच सांगून ठेवलं आहे. प्रत्येक स्वस्त बाटलीत ते असतंच असं नाही. पण कोणत्या बाटलीत आहे हे डोळ्याने कळत नाही, आणि तुमच्या घरात झडप बदललेली आई आहे. हा जुगार तुम्ही खेळू नये.

जहाजावरच्या जेवणाची मात्र धास्ती धरू नका. भटारखान्यात बंदरावरच्या दुकानातला माल येत नसतो, कंपनीने ठरवलेल्या पुरवठादारांकडून येतो. पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला आईच्या गोळीबद्दल सांगा, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा, आणि पालेभाज्या किती खायच्या हे निघण्याआधी आईच्याच डॉक्टरांना विचारून घ्या. बुफेत सॅलडचे ढीग असतात, आणि घरी न खाल्लेला हिरवा पाला सात दिवस ताटभर खाल्ला की त्या गोळीचं गणित बिघडतं.

मी स्वतः फसलो आहे म्हणून एवढं सांगतोय. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मेक्सिकोच्या एका बंदरावरून मी दोन लिटर व्हॅनिला घेतला. बाटलीवर पिवळं ऑर्किडचं फूल, खाली ठळक अक्षरात शुद्ध, आणि रंग कॉफीसारखा काळाभोर. सुटीत घरी आलो तर आईला कोण कौतुक. तिने गंजभर बासुंदी आटवली, मी वरून दोन चमचे घातले. पहिल्या घोटाला छान लागली. मग जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा आला आणि वास विचित्र यायला लागला. तो वास मला ओळखीचा होता. पावसाळा संपता संपता बांधावरचं गवत कापून ऊन दाखवायला पसरतात, दुसऱ्या दिवशी त्याला जो गोडसर वास सुटतो, तोच. कुमारिनचा वास अगदी तसा असतो हे मला पुढे जहाजावरच्या मोठ्या पेस्ट्री शेफने सांगितलं. माझ्या बाटलीत नेमकं काय होतं हे मी तपासून घेतलं नाही. पण बासुंदीचा तो गंज आणि दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या. तीन लिटर दूध होतं ते, घरच्या म्हशीचं. त्या दुधाचं वाईट आजही वाटतं.

त्यानंतर मी बाटली उलटी करून वाचायला शिकलो. तुम्हालाही स्पॅनिश येत नसलं तरी चार शब्द पुरतात. एक्स्ट्राक्तो म्हणजे अर्क, सापडला तर पुढे वाचा. एसेन्सिया किंवा साबोरिसांते दिसलं तर तो कृत्रिम स्वाद, बाटली जागेवर ठेवा. घटकांमध्ये शेंगा, अल्कोहोल, पाणी आणि फार तर साखर असावी. अल्कोहोल ३५ टक्के किंवा जास्त आहे का बघा. दोन टक्के लिहिलेलं किंवा काहीच न लिहिलेलं असेल तर शेंगेतला सुवास उतरला कशात? कुमारिन नाही असं लिहिलेल्या बाटल्याही दिसतील, पण एवढ्यावर विसंबू नका, कारण लिहायला शाई पुरते. रंगावर तर मुळीच जाऊ नका. अस्सल अर्क उजेडात धरला की तांबूस-तपकिरी दिसतो, पातळ काढ्यासारखा. डांबरासारखा काळा असेल तर त्यात बहुधा जळकी साखर घातलेली असते, आणि पाण्यासारखा पारदर्शक असेल तर शेंग त्याच्या जवळूनही गेलेली नाही.

आता शेंगांचं सांगतो, कारण तुमचे पैसे तिथे लागावेत असं मला मनापासून वाटतं.

व्हॅनिला हे ऑर्किड आहे, वेल असते त्याची. मूळचं मेक्सिकोचं. वेराक्रूझ राज्यातल्या पापांतला भागात तोतोनाक लोक पिढ्यान्‌पिढ्या ते पिकवत आले आहेत. फूल एका सकाळपुरतं उमलतं. मेक्सिकोबाहेर वेली लावल्या तेव्हा त्या वाढायच्या, फुलायच्या, पण शेंग धरायची नाही. १८४१ मध्ये रेयुनियों बेटावर एडमंड आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायची युक्ती शोधली. आजही मादागास्करपासून केरळपर्यंत प्रत्येक फूल त्याच पद्धतीने हाताने फळवतात. शेंग पिकायला आठ-नऊ महिने लागतात, आणि तेव्हाही तिला वास नसतो. फरसबीसारखी हिरवी, नुसती.

वास येतो तो पुढच्या कष्टातून. आमचं जहाज एकदा हिंदी महासागराच्या फेरीत मादागास्करजवळच्या नोसी बे बेटावर थांबलं होतं, तिथे मी ते जवळून पाहिलं. आपल्या समुद्रपूरकडे वायगावची हळद काढली की शिजवतात, वाळवतात, मग तिचा रंग आणि वास उघडतो, तसंच काहीसं. शेंगा गरम पाण्यात थोडा वेळ बुडवायच्या, गरम असतानाच घोंगड्यांत गुंडाळून पेटीत घाम येऊ द्यायचा. मग कित्येक दिवस रोज थोडं ऊन दाखवायचं आणि पुन्हा गुंडाळायच्या, त्यानंतर सावलीत वाळवायच्या, आणि शेवटी लाकडी पेट्यांत महिनोन्‌महिने मुरवत ठेवायच्या. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून एक किलो माल हाती येतो. एक म्हातारी बाई जमिनीवर बसून शेंगा निवडत होती. एक-एक शेंग दोन बोटांत धरायची, नाकाजवळ न्यायची, क्षणभर डोळे मिटायची आणि समोरच्या चार ढिगांपैकी एकात टाकायची. तिने एक शेंग माझ्या हातात दिली. तिच्या सालीवर टाचणीने टोचलेले बारीक ठिपके होते. चोरी इतकी होते की शेतकरी हिरव्या शेंगेवरच आपली खूण टोचून ठेवतो, आणि वाळल्यावरही ती खूण तशीच राहते. तो ठिपक्यांचा माग बोटाला लागत होता. इतके हात लागलेला माल लिटरला आठ डॉलर कसा होईल, हे मला तिथे खरं समजलं.

शेंग घेताना पंधरा ते वीस सेंटिमीटर लांबीची घ्या. बोटाभोवती गुंडाळून बघा. चांगली शेंग चामड्याच्या वादीसारखी वळते आणि बोटाला किंचित तेलकटपणा सोडते. कटकन मोडली तर ती वाळून गेली आहे, किंवा अर्क काढून घेतलेली आहे. अर्क काढलेल्या शेंगांना तेल लावून चमकवून विकणारे असतात, त्यांना वास अगदी फिका असतो. कधी शेंगेवर पांढरं दिसतं. ते सुईसारखं टोकदार असेल आणि उन्हात चमकत असेल तर ते व्हॅनिलिनचेच स्फटिक, उत्तम माल. कापसासारखं मऊ, निस्तेज असेल आणि कुबट वास येत असेल तर बुरशी. आणि फार ओली, दाबली की चिकट पाणी सुटणारी शेंग घेऊ नका. कापसाच्या गाडीत हात घालून ओलावा बघणाऱ्या घरातल्या तुम्ही, तुम्हाला हे शिकवायला नको. पाण्याचं वजन शेंगेच्या भावाने कोण घेईल?

कोझुमेल हे कॅरिबियन समुद्रातलं बेट आहे, पापांतला तिथून फार लांब. आमच्या बागेतला व्हॅनिला असं कुणी म्हणालं तर पुढे चला. जहाजावर खरेदीबद्दलचं एक व्याख्यान होतं आणि नकाशा वाटतात. त्यातली दुकानं जाहिरातीचे पैसे देऊन तिथे आलेली असतात, ती चांगलीच असतात असं नाही. धक्क्याला लागून असलेल्या दुकानांत सगळं महाग. सान मिगेल गावात चालत किंवा टॅक्सीने जाऊन स्थानिक लोकांच्या सुपरमार्केटमध्ये बघा. तिथे छापील किंमत असते आणि लेबलही धड असतं. शेंगा काचेच्या नळीत बंद असतील तर वास घेता येत नाही, म्हणून उघडून दाखवणाऱ्या दुकानातच घ्या. पापांतलाच्या व्हॅनिलाला आपल्या वायगाव हळदीसारखं भौगोलिक मानांकन आहे, पाकिटावर ते नाव दिसलं तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. जहाज सुटायच्या तासभर आधी परत या. जहाज कुणासाठी थांबत नाही, मी धक्क्यावर धावणारी माणसं पाहिली आहेत.

गॅल्व्हेस्टनला उतरताना खाण्याचं जे काही असेल ते कस्टमला सांगा, लपवू नका. अर्काची छोटी बाटली घेतलीच तर विमानात ती मोठ्या सामानात घाला, कारण हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वरचं द्रव चालत नाही. आणि हो, तुमचा आणि आईचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी बघून घ्या. जहाज मेक्सिकोला जाऊन परत येतं म्हणजे अमेरिकेत दुसऱ्यांदा प्रवेश होतो.

आता घरी आणल्यावर. तुम्हाला ठिकठिकाणी सल्ला मिळेल की शेंगा व्होडकात बुडवून घरीच अर्क करा. आपला जिल्हा दारूबंदीचा, तेव्हा तो मार्ग आपला नाही. गरजही नाही. व्हॅनिलाचा सुवास दुधातल्या स्निग्धांशात छान उतरतो, आणि साखरेतही मुरतो. अर्धा किलो साखर मिक्सरमधून काढून काचेच्या बरणीत भरा, दोन शेंगा उभ्या चिरून त्यात खुपसा आणि झाकण घट्ट लावून दोन आठवडे ठेवा. मधूनमधून बरणी हलवा. ही साखर नानकटाईवर, क्रीममध्ये, श्रीखंडात घाला. उरलेल्या शेंगा मेणकागदात गुंडाळून हवाबंद बरणीत, घरातल्या सगळ्यात थंड अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथे त्या कडक होतात आणि बुरशीही धरते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत किंवा स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवल्या तर पंधरा दिवसांत काड्या होतील.

आणि एक गोष्ट तुमच्या धंद्याची. वाढदिवसाच्या साध्या स्पंज केकमध्ये अस्सल शेंग घालू नका. १८० अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजल्यावर तिचे नाजूक वास उडून जातात, आणि वर आयसिंग, चॉकलेट, जेम्सच्या गोळ्या असल्या की काय उरलं ते लेकरांना कळत नाही. तिथे चांगल्या कंपनीचा साधा इसेन्स मापात घाला. बाटलीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त घातला की कडू लागतो, आणि आपल्याकडचे निम्मे केक त्यानेच बिघडतात. शेंग वापरा ती जिथे फार भाजायचं नाही तिथे. कस्टर्ड, आइसक्रीम, बासुंदी, फेटलेली साय. अंबिया बहाराची संत्री आली की किसलेली साल आणि व्हॅनिला साखर एकत्र फेटून क्रीम करून बघा. हे क्रीम मी डिसेंबरभर विकतो, आणि लोक खास त्यासाठी येतात. असा केक देताना डब्यावर अस्सल व्हॅनिला लिहा आणि त्याचे वेगळे पैसे घ्या. इसेन्सच्या केकवर तसं लिहू नका. आपल्याकडे गिऱ्हाईक तोंडी विश्वासावर येतं.

किती आणायच्या म्हणाल तर दहा शेंगा. वर्षभर पुरतील. आणि बंदरावर मनासारख्या मिळाल्या नाहीत तर हात हलवत परत या, काही बिघडत नाही. केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत व्हॅनिला पिकतो. २००३ च्या सुमारास तिकडे त्याला सोन्याचे दिवस आले होते, मग भाव कोसळला आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी वेली उपटल्या. तरी काही जणांनी लागवड टिकवून ठेवली. त्यांच्या शेंगा दहा-वीस ग्रॅमच्या पाकिटात कुरिअरने घरी येतात. मी गेली काही वर्षं त्याच वापरतो आणि त्या नोसी बेच्या शेंगांहून फार मागे नाहीत. आधी एक छोटं पाकीट इथेच मागवा आणि हाताळून, वास घेऊन बघा. मग कोझुमेलच्या दुकानात उभ्या राहाल तेव्हा तुमच्या नाकाला काय शोधायचं ते ठाऊक असेल.

पहिली शेंग आईसाठी बासुंदीत घाला. दूध निम्म्यावर आलं की शेंग उभी चिरा, सुरीच्या बोथट बाजूने आतले काळे दाणे खरवडून दुधात सोडा, रिकामी सालही त्यातच टाका. गॅस बारीक करून दहा मिनिटं ठेवा, वेलची घालू नका. साल काढून धुवा, सावलीत वाळवा आणि साखरेच्या बरणीत खोचून ठेवा. तिच्यात अजून दोन-तीन महिन्यांचा वास शिल्लक असतो.